'तेइशोकु'ला मराठीत काय म्हणावं?

आई-बाबा दिवाळीनंतर महिनाभर टोकियोला येतायत. आमच्या निशिकासाईत भारतीय हॉटेलं चिक्कार आहेत, पण बाबांची अट अशी की "तिकडची माणसं रोज दुपारी जिथे जेवतात तिथेच न्यायचं". म्हणजे स्टेशनजवळचं साधं शोकुदो. दहा-बारा खुर्च्या, दाराला कापडी पडदा, काउंटरमागे एक काकू. त्यांच्यासाठी वहीच्या पानावर शब्द उतरवून ठेवतेय आणि पहिल्याच शब्दाला अडलेय. 'तेइ' म्हणजे ठरलेलं, 'शोकु' म्हणजे जेवण. भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप, तळलेला किंवा भाजलेला एक मुख्य पदार्थ, एक-दोन चिमुकल्या वाट्या, लोणचं; सगळं एका ट्रेमध्ये, ठरलेल्या किमतीत. 'थाळी' लिहू का? आणि 'शोकुदो'ला खानावळ म्हटलेलं चालेल?

*

थाळी नको. थाळी म्हटलं की वाढपी मागे उभा आणि आपण "पुरे, पुरे" म्हणतोय असं चित्र डोळ्यांपुढे येतं. तेइशोकुत वाढपी नसतो, आग्रह तर नसतोच. याला मराठीत आधीपासून एक शब्द आहे, तोही हॉटेलातलाच: राइस प्लेट. दोन चपात्या, भाजी, आमटी, मूदभर भात, पापड, लोणचं. मोजून दिलेलं, दर पाटीवर लिहिलेला. 'ठरलेलं जेवण' हा अर्थ तंतोतंत बसतो. फरक एवढाच की आपली राइस प्लेट खणांच्या ताटात येते आणि तिथे प्रत्येक पदार्थाला वेगळं भांडं.

आणि 'हिगावारी तेइशोकु' असं दिसलं तर बिनधास्त 'आजचा बेत' लिहा. हिगावारी म्हणजे रोज बदलणारं.

*

राइस प्लेटला माझं मत. पण मला मजा वेगळ्याच गोष्टीची वाटते. आपण घरी 'भात' खातो आणि हॉटेलात शिरलो की त्याचा 'राइस' होतो. दाल राइस, जीरा राइस, राइस प्लेट. वरण-भात कधी 'वरण-राइस' होत नाही. जपानीतही हेच! वाडग्यात वाढला तर 'गोहान', पसरट ताटलीत पाश्चात्त्य पद्धतीने आला तर 'राइसु'. भात तोच, भांडं बदललं की नाव बदलतं. म्हणून करीबरोबर येतो तो 'कारे राइसु'.

शेतातलं पीक 'इने', कच्चे दाणे 'कोमे', शिजलेला 'गोहान'. आपल्याकडे साळ, तांदूळ, भात. इंग्रजीला एकाच शब्दावर भागवावं लागतं, बिचारी. वर 'गोहान' म्हणजे नुसतं जेवणसुद्धा. सकाळचा नाश्ता 'आसागोहान', म्हणजे सकाळचा भात.

*

शोकुदोबद्दल थोडं. 'दो' म्हणजे सभागृह, दालन. पूर्वी बौद्ध मठांतल्या भोजनाच्या दालनाला हाच शब्द होता, तेव्हा उच्चार 'जिकिदो'. शब्दशः पाहिलं तर 'भोजनगृह'. पण भोजनगृह म्हटलं की मला सरकारी विश्रामगृहाची पाटी दिसते.

खानावळ जवळची आहे, पण तिच्यात महिन्याचा हिशोब आहे. गिरणगावात बायका घरी कामगारांना जेवू घालायच्या, पगाराच्या दिवशी पैसे मिळायचे, त्या खानावळी. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. शोकुदोत उधारी नाही. पुष्कळ ठिकाणी तर दारातल्या यंत्रातून आधी कूपन घ्यावं लागतं. तरीही पाटीवर लिहायचं असेल तर मी खानावळच लिहीन. रोजची गिऱ्हाइकं, एकट्याने जेवणारी माणसं, फार न बोलता चाललेलं काम, ही हवा तीच आहे.

*

धन्यवाद! खानावळ आणि राइस प्लेट वहीत गेले. आता 'ओकाझु'. भाताबरोबरचे बाकी पदार्थ. 'भाजी' लिहिलं तर चुकेल, कारण मासाही ओकाझु आणि ऑम्लेटही ओकाझु.

*

तोंडीलावणं. डोळे मिटून लिहा.

*

वरच्यांना दुजोरा, पण एक शंका. आपल्याकडे तोंडीलावणं म्हणजे लोणचं, चटणी, कोशिंबीर, सुकट असं काहीतरी चटकमटक. मुख्य भाजीला कुणी तोंडीलावणं म्हणत नाही.

*

आता म्हणत नाहीत. कोकणात माझी आजी "आज तोंडी लावायला काय?" असं विचारायची आणि उत्तर बांगडा असायचं. मूळ जेवण भात, बाकी सगळं तो घशाखाली जावा म्हणून. ओकाझुतही भावना नेमकी तीच आहे. भाताशिवाय ओकाझु ही कल्पनाच अर्धी. ('काझु' म्हणजे संख्या. भाताबरोबर पदार्थ एकाहून जास्त, म्हणून आदराचा 'ओ' लावून झालेला शब्द.)

त्यांच्या ताटालाही डावी-उजवी बाजू आहे बरं का. भाताचं वाडगं डावीकडे, सूप उजवीकडे, ओकाझु मागच्या ओळीत. आईंना हे फार आवडेल. आपण मीठ-लिंबू-लोणचं डावीकडे वाढतो, भाज्या उजवीकडे, आणि कुणी उलट वाढलं की घरातलं ज्येष्ठ माणूस अस्वस्थ होतं.

*

आईवरून आठवलं, ती शाकाहारी आहे, बाबा अंडं-चिकन-मासे खातात. 'मिसोशिरु'ला, म्हणजे त्या मिसोच्या सूपाला, मी 'सार' लिहिलंय.

*

शब्द सुरेख, पण आईंना त्यात फसवू नका. सूपाचा पाया 'दाशी' असतो आणि तो बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसाचा. वाटीत मासा दिसत नाही, म्हणून काउंटरवरच्या काकू मनापासून "मासा नाही" म्हणतील. खोटं नसतं ते, त्यांच्या लेखी तो पदार्थ नसतो, पाणी असतं. कोंबु या समुद्री शेवाळाची नुसती दाशीही असते, पण साध्या शोकुदोत ती मिळेलच असं नाही. त्यामुळे 'दाशी' हा शब्द वहीत सगळ्यात वर, लाल पेनाने.

'दासु' म्हणजे बाहेर काढणे, त्यावरून दाशी. म्हणजे आपला 'काढा'. पण हे आईंना सांगू नका, पडशावरचा समजून पितील.

*

गोव्यातून एक सूचना. जेवून झाल्यावर बाबा सवयीने "पान?" म्हणाले तर समोर पाव येईल. जपानीत पावाला 'पान' म्हणतात. पोर्तुगीज दोन्हीकडे गेले, त्यांच्या एकाच शब्दाचा आपल्याकडे पाव झाला, जपानात पान. आपण मात्र "पानं घेतली" म्हणून जेवायला बसतो आणि पान खाऊन उठतो.

*

जेवायला बसताना आणि निघताना काय म्हणायचं तेही लिहा. जेवणाआधी 'इतादाकिमासु'. नम्रपणे स्वीकारणे; मूळ क्रियापदात डोक्यावर धरण्याचा अर्थ आहे. प्रसाद हातात आला की आपण कपाळाला लावतो ना, तसंच. जेवून झाल्यावर 'गोचिसोसामा'. त्यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावाधाव, पाहुण्यासाठी केलेली. भाषांतर करू नका, 'अन्नदाता सुखी भव' लिहा. बाबांना पाठ करायला सोपं जाईल. काउंटरकडे बघून म्हणायचं, कुणाच्या तोंडावर नाही.

*

सगळं उतरवलं. एकच राहिलं. बाबांना चिकन आणि अंडं घातलेलं 'ओयाकोदोन' आवडेल असं वाटतंय. यातला 'दोन' म्हणजे वाडग्यातला भात, आणि 'ओयाको' म्हणजे…

*

आई-बाप आणि लेकरू. कोंबडी आणि तिचं अंडं एकाच वाडग्यात.

नका लिहू. लेकीबरोबर जेवायला बसलेत ते. 'अंडं-चिकन भात' म्हणा आणि पुढचं पान उलटा.