आधी लाईन की आधी सिमेंट? रामबागच्या गल्ल्यांचा प्रश्न

ओटल्यावरची
इंदूर नगर निगमच्या (महापालिकेच्या) परिषदेत आपल्या रामबागच्या गल्ल्यांच्या सिमेंट रोडचा विषय येणार, तर तो बिनविरोध पास व्हावा, घरांपुढचे ओटले (ओटे) तोडून रस्ता रुंद करावा, "ड्रेनेजचं नंतर बघता येईल" आणि आडवे येणारे सगळे जुन्या घरांना चिकटून बसलेले म्हातारे, अशी एक पोस्ट काल वाचली. मी त्या म्हाताऱ्यांपैकीच, म्हणून सविस्तर लिहिते.

रोड नको असं कोणीच म्हणत नाहीये. पण आमच्या गल्लीतली ड्रेनेजची लाईन आजेसासऱ्यांच्या काळातली, चिनी मातीच्या पाईपांची. तिच्यावर सिमेंट ओतायचं आणि ती चोंदली की तेच सिमेंट फोडायचं. फोडलेला पट्टा पुन्हा कधी सारखा बसत नाही, कारण खाली आपली माळव्याची काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शिवाय ठेकेदार जुना थर उकरत नाही, त्याच्यावरच नवा चढवतो. आमचा उंबरठा आता रस्त्याच्या खाली गेलाय. मोठा पाऊस झाला की मोरीतून घाण पाणी उलटं वर येतं. सासूबाई अंथरुणावर होत्या तेव्हा त्यांच्या पलंगाच्या पायांखाली विटा लावाव्या लागल्या होत्या. "नंतर बघू" हे मला सांगू नका.

सुदामानगरवाला
पोस्ट माझी होती आणि मी त्यातला शब्दही मागे घेणार नाही. माझे आई-वडील अजून रामबागमध्येच राहतात. वडिलांना छातीत दुखायला लागलं तेव्हा ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी अडकली. एका बाजूला ओटला, दुसऱ्या बाजूला उभ्या गाड्या. खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी त्यांना बाहेर आणलं. काकू, तुमच्या ओटल्यावर संध्याकाळी गप्पा होतात, आमचा तिथे जीव टांगणीला लागला होता. लाईन, लाईन करत बसलात तर रोड पुढच्या निवडणुकीपर्यंत होत नाही.

ओटल्यावरची
वडील बरे आहेत ना? ते महत्त्वाचं. पण ॲम्ब्युलन्स गाड्यांमुळे अडकली. गाडी हलवता येते, ओटला चार पिढ्यांचा आहे.

निवृत्त ओव्हरसियर
दोघंही मूळ दुखणं सोडून भांडताय. पावसात चेंबर का उफाळतात? कारण रामबाग, नारायणबाग, स्नेहलतागंज, कुठेही जा, निम्म्या घरांनी गच्चीचा पाईप थेट ड्रेनेजच्या चेंबरात सोडलाय. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर साधारण २,३६० लिटर पाणी होतं. दहा घरांचं साडेतेवीस हजार लिटर. संडास-मोरीसाठी टाकलेल्या पाईपात हे घातलं तर ते तुमच्याच मोरीतून वर येणार. नवी लाईन टाकली तरी येईल. पावसाच्या पाण्याची लाईन वेगळीच हवी.

आणि बॅकलेन! घरांमागची ती गल्ली सफाई आणि ड्रेनेजसाठीच ठेवलेली असते. लोकांनी तिच्यावर न्हाणीघरं, स्वयंपाकघरं काढली. चेंबर फरशीखाली गेलं, आता ते साफ कोण करणार?

सुदामानगरवाला
बॅकलेनचा विषय ठेकेदाराला वाचवायला काढलाय का?

निवृत्त ओव्हरसियर
मी जन्मभर गटाराशेजारी उभं राहून काम करून घेतलंय, मला ठेकेदाराचा माणूस म्हणू नका. तुमच्या वडिलांच्या घरामागची संडासाची भिंत बॅकलेनमध्ये आहे की नाही, एवढं सांगा.

सुदामानगरवाला
ती आजोबांनी बांधली होती. सगळ्यांनीच बांधली होती.

सराफ्याजवळची
म्हणजे समोरून लोकांचे ओटले तोडायचे, मागची आपली भिंत मात्र आजोबांची म्हणून पवित्र? हा कुठला न्याय! आमच्या घराचा दर्शनी भाग रुंदीकरणात गेला, त्यातल्या कोनाड्यांसकट. आणि आता त्या मोकळ्या जागेत दुकानदारांच्या गाड्या उभ्या असतात. रुंद केलेली प्रत्येक जागा पार्किंगलाच जाते.

वाचनवेडा
१९१८ मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. जुन्या वस्तीत सरसकट पाडापाडी करू नका, नेमकं पडीक तेवढंच काढा, हवा-उजेड मिळवा, हाच त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षांपूर्वीचं शहाणपण आपल्याच गावात पडून आहे आणि आपण जेसीबी बोलावतो.

सुदामानगरवाला
गेडिससाहेबांच्या वेळी गल्लीत बैलगाडी यायची. आज कोणाला अटॅक आला तर अहवाल वाचून दाखवणार का?

वाचनवेडा
उद्धटपणा पुरे. लहान ॲम्ब्युलन्स मागा, गल्लीत पार्किंगबंदी मागा. घर पाडणं हा शेवटचा उपाय असतो.

माणिकबागची
मला ओटल्याचं काही नाही. मला पाण्याची भीती वाटते. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर नर्मदा आणायची, ती एक दिवसाआड सोडायची, आणि तिचा पाईप ड्रेनेजला चिकटून टाकायचा. नळ बंद असतो तेव्हा पाईपात दाब राहत नाही, शेजारची घाण फटीतून आत ओढली जाते. आपल्याच शहरातल्या भागीरथपुऱ्यात डिसेंबर २०२५ च्या शेवटी काय झालं ते विसरलात? सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि माणसं गेली. २०२१ मध्ये आपण देशातलं पहिलं वॉटर प्लस, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच सोडणारं, शहर ठरलो, स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिले येतोय. मलाही त्याचा अभिमान आहे. पण जमिनीखालचं कोण तपासतं? रस्ता उकरणारच असाल तर दोन्ही लाईनी एकदाच बदला, एकमेकींपासून लांब टाका, मग सिमेंट घाला.

निवृत्त ओव्हरसियर
अगदी हेच. आणि पाण्याची लाईन ड्रेनेजच्या वरच्या पातळीला. रोडची पातळी आधी कागदावर लिहून घ्या, उंबरठ्यांच्या खाली. खोदल्यावर माती थराथराने दाबून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात सिमेंट तडकेल.

सुदामानगरवाला
ठीक आहे. आधी लाईन, मग सिमेंट, हे मान्य. भागीरथपुऱ्यानंतर याला नाही म्हणता येत नाही. पण पार्षदांना (नगरसेवकांना) आपण जे निवेदन देणार त्यात मुदत घाला, कामाची तारीख घाला. आणि ॲम्ब्युलन्स आत यायलाच हवी. ओटल्यांचं कलम मी काढू देणार नाही.

ओटल्यावरची
मुदत घाला, माझी सही आहे. गच्चीचा पाईपही आम्ही चेंबरातून काढतो, बोअरमध्ये फिल्टर लावून सोडतो. पण ओटल्यांचं कलम राहणार असेल तर त्याच्यावर बॅकलेनचं कलम येईल, आणि मोजणी तुमच्या घरापासून सुरू होईल. पार्षदांकडे जायच्या आधी वडिलांना विचारून घ्या.

सुदामानगरवाला
वडिलांना यात ओढू नका.

सराफ्याजवळची
तुम्हीच ओढलंत, खुर्चीसकट. मोजणी दोन्हीकडून करा, मी टेप धरायला येते.