सॉलिड स्टेट येईपर्यंत थांबायचं म्हणे!

घाटमाथा
काल एका पोस्टमध्ये वाचलं: 'आजच्या बॅटऱ्या म्हणजे खेळणी. किलोला ५०० वॉट-तासवाली सॉलिड स्टेट येऊ द्या, तोवर इलेक्ट्रिक घेणारा येडा.' खाली माना डोलावणारे ढीगभर. (सॉलिड स्टेट म्हणजे आतला द्रव इलेक्ट्रोलाइट जाऊन तिथे घन पदार्थ आलेली बॅटरी.)

जरा आकडेमोड करा. स्कूटरचा पॅक तीन युनिटचा, म्हणजे तीन हजार वॉट-तासांचा. पॅक धरून किलोला १५० वॉट-तास, म्हणजे वजन वीस किलो. घनता, म्हणजे किलोत मावणारी वीज, दुप्पट झाली तर दहा किलो वाचतील. गाडी अधिक स्वार मिळून एकशे ऐंशी किलो. त्यातले दहा गेल्यानं रेंज कितीशी वाढणार? शिवाय जाहिरातीत आकडा असतो सुट्या सेलचा, अख्ख्या पॅकचा नव्हे. पेटी, बसबार (सेल जोडणाऱ्या पट्ट्या), कूलिंग, बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) धरलं की सेलचे २५० पॅकमध्ये १६०-१७० वर येतात.

आणि सॉलिड स्टेट अडलीय कुठे? सल्फाइड इलेक्ट्रोलाइटला दमट हवा लागली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणून अख्खी लाइन कोरड्या खोलीत. थर एकमेकांना चिकटून राहावेत म्हणून सेल दाबून धरावा लागतो. तरी बारीक भेगांतून लिथियमचे तंतू वाढतात आणि सेल शॉर्ट होतो.

डिझेलच_बरं
स्कूटरवरच गाडी अडली का? पुणे-बंगळूर ८४० किलोमीटर. भरलेल्या ट्रेलरला किलोमीटरला सव्वा युनिट धरा. १०५० युनिट झाले. तुमच्याच १५० नं भागा. सात टन नुसती बॅटरी! तेवढा माल कमी न्यायचा? पेट्रोल-डिझेलमध्ये किलोला १२,००० वॉट-तास असतात, साहेब.

घाटमाथा
ट्रकचं मान्य. तिथे घनता लागतेच. पण १२,००० फेकताना कारचं पेट्रोल इंजिन त्यातलं पाऊण उष्णतेत घालवतं, हे सोयीस्करपणे गाळलंत. चाकापर्यंतचा हिशेब केला की ८० पटींचं अंतर २० पटींवर येतं.

डिझेलच_बरं
वीस पट म्हणजे किरकोळच म्हणायचं, नाही का! आणि घाट? मुंबईहून येताना दीड टनाची गाडी ५६० मीटर वर चढवायचीय.

कोथरूडचा_खवट
गुणाकार केला असतात तर विचारलं नसतंत. दीड टन गुणिले ५६० मीटर म्हणजे २.३ युनिट. तोटा धरून अडीच. पंधरा-सोळा किलोमीटरची रेंज, बास. खरी गंमत उलटी आहे: लोणावळ्याला रात्रभर १०० टक्के भरून सकाळी घाट उतरलात तर रीजेन (गाडीचा वेग मोटरनं कमी करून त्याची वीज बॅटरीत परत भरणं) चालत नाही, भरलेल्या बॅटरीत वीज जाणार कुठे? पॅडल सोडलं की नेहमीसारखी गाडी धरत नाही आणि लोक घाबरतात. उतरायचं असेल तर ९० वर थांबवा.

तीनफेज
घनता, घाट... पुण्यात अडतं ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रभर चार्जर लावतात. स्क्रू सैल होऊन ०.१ ओहमचा अडथळा आला तर १६ अँपिअरला पंचवीस वॉट उष्णता, म्हणजे सॉकेटच्या आत सोल्डरिंग आयर्न आठ तास चालू. मग प्लॅस्टिक वितळतं आणि नाव बॅटरीचं खराब!

साडेसात किलोवॉटचा चार्जर, मीटरपासून ४० मीटर: ६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल घेतलीत तर वाटेत साधारण ८ व्होल्ट कमी होतात. पैसे वाचवायला २.५ टाकलीत तर १९ कमी होतील आणि केबल तापेल. स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाहाला तुटणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तुटणारा स्विच), अर्थिंग मोजून घ्या.

सोसायटी_सेक्रेटरी
बोलायला काय जातं! दहा जणांनी असे चार्जर लावले तर ७५ किलोवॉट. मंजूर भार कोण वाढवणार, ट्रान्सफॉर्मरला जागा कोण देणार? कमिटी नाही म्हणते ते हौस म्हणून नव्हे.

तीनफेज
दहा गाड्या एकाच वेळी पूर्ण लोडवर लागतात कशाला? रोज ४० किलोमीटर म्हणजे सहा युनिट. दहांचे साठ, रात्रीचे आठ तास: सरासरी साडेसात किलोवॉट. लोड वाटून देणारी यंत्रणा बसवा. फक्त सगळे सिंगल फेज चार्जर तीन फेजपैकी एकट्या आर फेजवर टाकू नका. तीन-चार-तीन असे वाटा, नाहीतर न्यूट्रल तापेल.

डिझेलच_बरं
धागा बॅटरीचा होता, वायरमनचा झाला.

कोथरूडचा_खवट
मग बॅटरीवर या. '८० टक्क्यांवर थांबवा' हे एनएमसीचं (निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटरीचं) पथ्य एलएफपीवाल्यांच्या (लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीवाल्यांच्या) गळ्यात मारणं बंद करा. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, तिथे बीएमएसला किती चार्ज उरलाय याचा अंदाज लागत नाही आणि सेलचं बॅलन्सिंग (सगळे सेल एका पातळीला आणणं) वरच्या टोकालाच होतं. आठवड्यातून एकदा १०० करा. नाहीतर २० टक्के दाखवत असतानाच गाडी बंद पडेल आणि तुम्ही सॉलिड स्टेटची वाट बघत बसाल.

सोसायटी_सेक्रेटरी
ते लोड वाटणारं यंत्र कॉमन मीटरवर बसतं की प्रत्येकाच्या मीटरवर? विचारतोय फक्त. हो म्हटलेलं नाही अजून.

तीनफेज
चार्जर कॉमन फीडरवर (सामाईक मुख्य लाइनवर) घ्यायचे, त्या फीडरला सीटी (प्रवाह मोजणारं कडं) लावायची आणि प्रत्येक चार्जरला सबमीटर. बिलाची भांडणं मात्र तुमची तुम्ही निस्तरा.