विषय : निर्वासित शिक्षकांसाठी इंग्रजीचे वर्ग – नाशिकच्या निवृत्त शिक्षकांना विनंती

प्रेषक : कार्यकारिणी सदस्य, इंग्लंड

आदरणीय सर, सादर नमस्कार.

आमच्या शहरात सीरिया, अफगाणिस्तान, सुदान येथून आश्रयाला आलेल्यांपैकी काही जण मायदेशी वर्षानुवर्षे शिकवत होते. आज त्यांतले बरेच जण गोदामांत राबत आहेत. इंग्लंडच्या सरकारी शाळेत शिक्षक म्हणून रुजू होण्यासाठी सहसा ‘क्यूटीएस’ (क्वालिफाइड टीचर स्टेटस) हा पात्र शिक्षकाचा दर्जा लागतो आणि त्यासाठी परदेशी शिक्षकाला आपले इंग्रजी निदान बी-२ (युरोपीय भाषा-मोजपट्टीवरील वरची मध्यम) पातळीचे असल्याचे दाखवावे लागते. येथील मोफत वर्गांचा भर दैनंदिन व्यवहाराच्या इंग्रजीवर असतो. नाशिकमधील आपले निवृत्त सहकारी ऑनलाइन वर्ग घेऊ शकतील का, हे कृपया कळवावे.

प्रेषक : निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

वर्ग अवश्य घेऊ. मात्र ते केवळ परीक्षेच्या शिकवणीचे होऊ नयेत, असा माझा आग्रह आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत तासाभरात दोन लेखन करायचे, त्यांतले दुसरे किमान २५० शब्दांचे, आणि ११ ते १४ मिनिटे परीक्षकाशी बोलायचे. हे सरावाने जमते. निकाल साधारणपणे २ वर्षेच ग्राह्य धरतात, तेव्हा अर्जाची बाकी तयारी पाहूनच परीक्षेला बसवावे.

वर्गावर बोलायची भाषा मात्र निराळी तयार करावी लागते. दमास्कसमध्ये भूमिती शिकवलेल्या माणसाला प्रमेय समजावून सांगण्याची गरज नाही. उत्तर चुकलेल्या मुलीला न दुखावता पुन्हा विचार करायला कसे लावावे, मागच्या बाकावरची कुजबुज आवाज न चढवता कशी थांबवावी, पालकांना चार ओळींत नेमके काय कळवावे, हे त्याला इंग्रजीतून यायला हवे. मुलाच्या सुरक्षिततेविषयी शंका आली तर तिकडे ती विनाविलंब लेखी कळवावी लागते, आणि त्या नोंदीत मुलाचे स्वतःचे शब्द व शिक्षकाचा तर्क वेगळे ठेवावे लागतात. असे लेखन आम्ही आवर्जून करून घेऊ.

आमच्यापैकी कित्येकांनी मराठी माध्यमातून बी.एड. केले आणि सेमी-इंग्रजी सुरू झाल्यावर तेच गणित, तेच विज्ञान इंग्रजीतून शिकवले. विषय हातचा असूनही वाक्य ओठांवर येत नाही तेव्हा जाणत्या शिक्षकाची काय घालमेल होते, हे आम्ही अनुभवले आहे. त्या काळात सहकाऱ्याच्या तासाला मागे बसून वाक्ये टिपून घेण्याचा सर्वाधिक उपयोग झाला. तुमच्याकडील एखाद्या शाळेने या मंडळींना तासाला बसू दिले, तर त्यांनी टिपून आणलेली वाक्ये आम्ही घोटवून घेऊ.

कागदपत्रांचेही पाहावे. ज्या सरकारपासून माणूस पळून आला, त्याच्याकडे पदवीचा दाखला कसा मागणार? १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचे २५ वे कलम अशा वेळी आश्रय देणाऱ्या देशाने प्रशासकीय साहाय्य करावे असे सांगते, आणि उच्च शिक्षणाच्या पदव्यांना परदेशात मान्यता देण्याविषयीच्या १९९७ च्या लिस्बन करारात पुरेशी कागदपत्रे नसलेल्या निर्वासितांच्या पात्रतेची पडताळणी करण्याची तरतूद आहे. आपले शिक्षण व अनुभव सुसंगत इंग्रजीत मांडण्याचा सराव त्यासाठी कामी येईल. मात्र देश कसा सोडला, हा निबंधाचा विषय कोणीही देऊ नये. ते सांगायचे की नाही, हा सर्वस्वी त्यांचा अधिकार आहे.

शनिवारी तुमचे सकाळचे १० सोयीचे वाटतात. उन्हाळ्यात ते येथील दुपारचे २.३० आणि हिवाळ्यात ३.३० होतात.

प्रेषक : कार्यकारिणी सदस्य, इंग्लंड

आदरणीय सर,

आपले पत्र वाचून फार धीर आला. तासाला बसू देण्याबाबत मी शाळांना विचारते. काही भगिनींना लहान मुले सांभाळून वर्गाला बसावे लागेल, त्यामुळे मधूनच उठण्याची आणि कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा असावी. नावे दिलेल्यांत गणिताचे शिक्षक अधिक आहेत. तेव्हा पहिल्या शनिवारी इंग्रजीच्या शिक्षकांबरोबर गणित शिकवलेल्या एखाद्या मॅडमही येऊ शकल्या, तर फार बरे होईल.