नेट परत गेलं, कोणाकोणाचं जातंय? (सोसायटी ग्रुप, खराडी)

गुरुवार, रात्री

बी-११०४: बी विंगमध्ये आणखी कोणाचं नेट जातंय का? आत्ता परत गेलं. क्लायंटसमोर बोलता बोलता माझा चेहरा गोठला, जोडून परत येईपर्यंत विषय पुढे गेलेला. दिवाळीत एवढे पैसे घालून घरभर वायफाय पसरवणारं तीन डब्यांचं मेश बसवून घेतलं, ते हे बघायला नाही. ज्यांचं खरंच जातंय त्यांनीच लिहा. नुसते अंगठे नकोत, प्लीज.

सी-३०२: 👍

बी-११०४: काका 🙏

सी-३०२: अहो चुकून दाबलं गेलं. आमचं नेट व्यवस्थित आहे. पण डक्टची, म्हणजे वायरी जातात त्या उभ्या पोकळीची, किल्ली कोणाकडे असते, हे मी गणपतीपासून विचारतोय.

ए-६०३: आमचंही जातंय ताई. डक्टचं रंगकाम झालं तेव्हापासून. कंपनीच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकतो. त्यांचा पोरगा येतो, बंद करून चालू करतो, ‘झालं काकू’ म्हणतो आणि जातो. तो लिफ्टमध्ये असतानाच परत लाल.

ए-१२०२: सगळी सोसायटी एकाच कंपनीच्या दावणीला बांधलीत, त्याचं हे फळ. दुसऱ्या कंपनीला वायर टाकू दिली असती तर आज ही वेळ आली नसती.

सेक्रेटरी: १२०२, हा विषय वार्षिक सभेत झालेला आहे. ठराव बहुमताने मंजूर आहे. आपण त्या दिवशी हजर नव्हतात.

ए-१२०२: नोटीस मिळाली असती तर हजर राहिलो असतो.

खजिनदार: नियमाप्रमाणे १४ दिवस आधी नोटीस बोर्डावर लावली होती.

ए-१२०२: बोर्ड जिममध्ये आहे. जिमला कुलूप आहे.

सी-१००१: आणि जिमची किल्ली डक्टच्या किल्लीबरोबर फिरायला गेली आहे 😄

बी-११०४: विषय नेटचा आहे.

बी-७०१: ताई, कंपनीला फोन लावायच्या आधी एवढं ठरवून टाकू: तुमची बाहेरून येणारी लाइन तुटते की घरातलं वायफाय तुटतं? मीटिंगमध्ये दोन्ही वेळा सारखंच दिसतं, पण उपाय अगदी वेगळे. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत मेशच्या मुख्य डब्याच्या पत्त्याला सतत पिंग लावा (‘आहेस का?’ असं विचारत राहायचं), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. दोन्ही चालू ठेवून रोजचं काम करा. नेट गेलं की बघा. फक्त ८.८.८.८ कडून उत्तर यायचं थांबलं, तर लाइन किंवा कंपनीचा डबा. घरातल्या डब्याचंही थांबलं, तर वायफाय. वेळ लिहून ठेवा. आणि नेट जाण्याआधी व नंतर फोनला कोणता आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळालाय, तोही बघा.

बी-११०४: करते. दादा, एकटे तुम्हीच कामाचं बोललात.

ए-१२०२: बाकीचेही कामाचंच बोलत होते ताई. असो.

सी-३०२: डक्टची किल्ली?

शुक्रवार

ए-४०१: 🌸 शुभ सकाळ. हसतमुख रहा 🌸

बी-११०४: ७०१ दादा, सकाळच्या मीटिंगमध्ये दोनदा गेलं. पहिल्या वेळी फोनचा आयपी बघितला. हॉलमध्ये होते तेव्हा १९२.१६८.१.२३ होता. बोलत बोलत बेडरूममध्ये गेले, कॉल तुटला, परत बघितलं तर १९२.१६८.६८.१४. दुसऱ्या वेळी मी जागेवरच बसले होते. दोन्ही पिंग थांबले, साधारण मिनिटभर काहीच नाही, मग आपोआप आलं.

बी-७०१: उत्तम, म्हणजे दोन वेगळे आजार आहेत. पहिला आधी घेऊ. कंपनीच्या डब्याचं वायफाय अजून चालू आहे का? आणि त्याचं नाव आणि पासवर्ड मेशसारखेच ठेवलेत का?

बी-११०४: हो. बसवायला आलेल्या मुलाने मुद्दाम सारखे ठेवले. म्हणाला, ‘मॅडम, कुठेही गेलात तरी आपोआप पकडेल.’

बी-७०१: तिथेच घोळ आहे. पकडतं ते दोन वेगळ्या नेटवर्कांपैकी कुठलंतरी. आपल्या दोन्ही गेटांवर एकाच गणवेशातले वॉचमन आहेत आणि दोघांची रजिस्टरं वेगळी आहेत असं समजा. पुढच्या गेटवर नोंद झालेला पाहुणा मागच्या गेटवर अनोळखी. फोन हॉलमध्ये कंपनीच्या डब्याला धरतो, त्याला एक आयपी मिळतो. आत गेला की मेशला धरतो, दुसरा आयपी. चालू असलेला कॉल आणि ऑफिसला जोडणारं व्हीपीएन जुन्या आयपीवर बांधलेलं असतं, ते तिथेच तुटतं. खऱ्या मेशमध्ये तीनही डबे मिळून एकच नेटवर्क असतं, म्हणून एका डब्यावरून दुसऱ्यावर जाताना आयपी बदलत नाही.

सी-६०५: वॉचमनचा विषय निघालाच आहे तर सांगते, रविवारी माझ्या जावयांना मागच्या गेटवर वीस मिनिटं उभं केलं. पुढच्या गेटवर नोंद झालेली असताना.

सेक्रेटरी: मॅडम, पाहुण्यांची नोंद ॲपवर करावी असं परिपत्रक काढलेलं आहे.

सी-६०५: ॲप नेटवर चालतं ना? त्या दिवशी गेटवर नेट नव्हतं.

सी-१००१: 😂😂

बी-२०२: पाहुण्यांची गाडी माझ्या जागेवर लागली होती. पांढरी. नंबर लिहून ठेवलाय.

सी-६०५: पाच मिनिटांसाठी लावली होती. पेढ्यांचा पुडा घेऊन वर आले आणि लगेच काढली. एवढं काय त्यात!

बी-२०२: हा मेसेज डिलीट केला आहे

अध्यक्ष: सर्वांना विनंती, पार्किंगसाठी वेगळा ग्रुप आहे.

बी-११०४: दादा, मग मी नेमकं काय करू?

बी-७०१: दोन रस्ते आहेत. एक, कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगायचा. मग तो फक्त लाइन आत आणतो, राउटरचं सगळं काम मेश करतो. मात्र कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड मेशमध्ये भरावं लागेल, आणि डब्याला लँडलाइन किंवा टीव्हीचा बॉक्स जोडलेला असेल तर आधी विचारून घ्या, ते बंद पडू शकतं. दुसरा रस्ता, मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचं, म्हणजे राउटरचं काम कंपनीच्या डब्याकडेच, मेश फक्त वायफाय देतं. हे ॲपमधून स्वतःलाच करता येतं, पण मुलांसाठी वेळेची मर्यादा वगैरे मेशच्या सोयी बऱ्याच मॉडेलांत मग चालत नाहीत. कोणताही रस्ता घ्या, कंपनीच्या डब्याचं वायफाय आज बंद करा. दोन्ही बँड (वायफायच्या लहरींचे पट्टे), २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ.

ए-१२०२: हे सगळं कंपनीने करून द्यायला हवं. आपण महिन्याला बिल भरतो. आणि कंपनी डक्ट वापरण्याचे सोसायटीला वर्षाला जे पैसे देते, ते जातात कुठे?

खजिनदार: ताळेबंदात ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवलेले आहेत. पान उघडलं तर दिसेल.

ए-१२०२: पान उघडलंय. ‘इतर’मध्ये काय काय आहे ते दिसत नाही.

खजिनदार: सोसायटीच्या ऑफिसात या, मंगळवारी संध्याकाळी. वह्या समोर ठेवतो. ग्रुपवर नको.

सी-३०२: डक्टचे पैसे येतात, डक्टची किल्ली येत नाही.

ए-६०३: काकांचं म्हणणं बरोबर आहे. माझा लाल दिवा तसाच आहे. ७०१, मीही ते पिंग लावू का? मला लॅपटॉपमधलं फारसं कळत नाही.

बी-७०१: काकू, तुम्हाला गरजच नाही. डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेल्या जागी लाल दिवा म्हणजे फायबरमधून प्रकाशच नीट पोचत नाही. वायफायचा, मेशचा त्यात काही संबंध नाही. डबा कितीही वेळा बंद-चालू केला तरी फरक पडणार नाही. त्या मुलाला सांगा, मीटर लावून ऑप्टिकल पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, मोजून दाखव. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर छान. उणे २७ च्या खाली गेलं की जोडणी टिकत नाही. आकड्याचा फोटो काढून ठेवा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्यावर काही झालं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांत तशी तरतूद आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

ए-६०३: डॉकेट नंबर. लिहून घेतलं.

शनिवार

बी-११०४: कंपनीच्या डब्याचं वायफाय काल बंद केलं. घरभर फिरून बोलले, एकदाही तुटलं नाही. खूप बरं वाटलं. पण ते मिनिटभराचं जाणं आज दुपारी परत झालं. सगळ्या घरात एकदम. मुलाचा क्लास चालू होता. स्वयंपाकघरातला स्मार्ट प्लग मात्र वायफायला जोडलेलाच होता.

बी-७०१: प्लग २.४ वर चालतो. म्हणजे फक्त ५ गिगाहर्ट्झ गेलं. ॲपमध्ये चॅनेलची रुंदी बघा, १६० मेगाहर्ट्झ आहे का?

बी-११०४: हो, १६०. त्या मुलानेच केलं होतं, स्पीड जास्त दिसतो म्हणून. लॉगमध्ये ‘रडार डिटेक्टेड’ असं काहीतरी आहे. हे काय नवीन?

बी-७०१: हाच दुसरा आजार. ५ गिगाहर्ट्झमधला ५२ ते १४४ चॅनेलांचा पट्टा रडारही वापरतात, हवामानाचे आणि इतर. तिथे रडारचा पहिला हक्क. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याने १० सेकंदांत चॅनेल सोडायचा. त्याच पट्ट्यातला दुसरा चॅनेल घ्यायचा तर आधी पूर्ण ६० सेकंद गप्प राहून ऐकायचं. तुमचं मिनिट ते हे. आणि आपल्याकडे १६० ची रुंदी ठेवली की हा पट्टा त्यात येतोच. रुंदी ८० करा, चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला ठेवा. चॅनेल हाताने निवडता येत नसेल तर डीएफएस (रडारचा पट्टा वापरायची सोय) बंद करायचं बटण शोधा.

सी-१००१: लोहगावची लढाऊ विमानं ताईंचं वायफाय पाडतात. ब्रेकिंग न्यूज.

सी-३०२: विमानांमुळे आमच्या कपबशा हलतात तेही लिहा.

बी-७०१: लोहगावचं रडार आहे असं मी म्हणत नाही. कधी कधी राउटरला दुसऱ्याच लहरी रडारसारख्या वाटतात, तरी तो पळतो. आपल्याला कारण शोधायचं नाही, तो पट्टा सोडायचा आहे. स्पीडटेस्टचा आकडा कमी दिसेल, पण मीटिंगला त्याने फरक पडत नाही. आणखी एक, तिसरा डबा कुठे आहे?

बी-११०४: मास्टर बेडरूममध्ये, टीव्हीच्या मागे. तिथे रेंज नव्हती म्हणून तिथेच ठेवला.

बी-७०१: रेंज नसते तिथे ठेवला की त्यालाही रेंज मिळत नाही. पुढे तो काय वाटणार? आपल्या टॉवरचं बांधकाम मायवानचं आहे, आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि आत सळया. विटांच्या घरात दोन भिंती ओलांडणारं ५ गिगाहर्ट्झ आपल्याकडे एका भिंतीत दमतं. डबा पॅसेजमध्ये आणा, मुख्य डब्यापासून मोकळ्या दाराच्या रेषेत. टीव्ही, फ्रिज, आरशाचं कपाट यांच्यापासून लांब. आणि कायमचा उपाय हवा असेल तर बिल्डरने टीव्हीच्या केबलसाठी पाईप टाकलेत, त्यातून कॅट ६ वायर ओढून घ्या आणि डबे वायरने जोडा. मात्र ती वायर मेशच्या मुख्य डब्यातून निघाली पाहिजे, कंपनीच्या डब्यातून नाही.

बी-५०४: मी ओढून घेतली आहे, वर्ष झालं. एकदाही त्रास नाही. वायर जोडल्यावर १००० एमबीपीएसच्या जागी १०० दिसत होतं. टोकाला तारांची एक जोडी नीट बसली नव्हती, चारही जोड्या लागतात. टोक परत दाबून बसवल्यावर (क्रिम्प) १००० आलं.

ए-१२०२: वायर ओढायला भिंती फोडाल, मग खाली ओल येईल. आमच्या छतावर आलीच आहे.

बी-५०४: पाईप आधीपासून आहेत. फोडलं काहीच नाही. ओल तुमच्या वरच्या गच्चीची आहे.

ए-१२०२: तेच तर तीन पावसाळे सांगतोय!

अध्यक्ष: गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढच्या बैठकीत आहे. कृपया.

रविवार

ए-६०३: कंपनीचा माणूस आलाय. मीटरवर उणे २८.४ दाखवतोय. म्हणतो डक्ट उघडा.

सी-३०२: किल्ली!!

सेक्रेटरी: किल्ली रंगकामवाल्या कंत्राटदाराकडे राहिली आहे. फोन उचलत नाही.

सी-३०२: हे गणपतीतच सांगितलं असतं तर?

सेक्रेटरी: काका, मलाही काल कळलं. कुलूपवाल्याला बोलावलंय, येतोय. खर्च कंत्राटदाराच्या अनामत रकमेतून वळता करू.

खजिनदार: बिल घ्या. पावतीशिवाय नको.

ए-६०३: उघडलं. फोटो टाकतेय. रंगवताना सगळ्या फायबर एकत्र करून पाइपाला प्लास्टिकच्या पट्टीने आवळल्या आहेत. आमची तर काटकोनात वाकली आहे. पट्टी कापली, वायर सैल केली, टोक नवीन जोडलं. आता उणे २१. दिवा हिरवा.

बी-७०१: काकू, हा फोटो आणि दोन्ही आकडे जपून ठेवा. सेक्रेटरी साहेब, त्या पट्टीत अडकलेल्या बाकीच्या फायबर कोणाच्या आहेत ते तो माणूस आहे तोवरच मोजून घ्या. आज हिरवा दिसणारा दिवा उणे २६ वरही असू शकतो.

सेक्रेटरी: बरोबर. ए विंग, सहावा ते नववा मजला, ज्यांना मोजून हवं त्यांनी लगेच ६०३ समोर या. तो दीडपर्यंत आहे.

ए-८०२: आलो.

ए-९०१: आम्ही लग्नाला आलोय, आमचं कोणीतरी बघा ना.

सी-३०२: मी उभा आहे इथे. ९०१ चं बघतो. सेक्रेटरी, एक किल्ली ए विंगच्या वॉचमनकडे आणि एक ऑफिसात. सहीच्या वहीसकट.

सेक्रेटरी: मान्य काका. आजच करतो.

बी-११०४: माझ्याकडे रुंदी ८०, चॅनेल ४४, डबा पॅसेजमध्ये. काल रात्रीपासून दोन्ही पिंग सलग चालू आहेत. वायरवाला बुधवारी येतोय. दादा, तुमचे खरंच आभार. या नोकरीवर माझं घर चालतं, म्हणून गुरुवारी जरा चढ्या आवाजात लिहिलं.

बी-७०१: अहो ताई, त्यात काय. बुधवारी वायर टाकली की ॲपमध्ये प्रत्येक डब्यासमोर ‘वायर्ड’ दिसतंय का तेवढं तपासा.

ए-१२०२: ७०१, एक विचारतो. आमच्याकडे लाइट गेली की जनरेटर दहा सेकंदांत येतो, पण नेट परत यायला तीन मिनिटं लागतात. हेही त्या रडारचंच का?

बी-७०१: नाही हो. वीज गेल्यावर कंपनीचा डबा आणि वायफायचा डबा, दोन्ही बंद पडून पहिल्यापासून उभे राहतात, त्याला तेवढा वेळ लागतो. दोघांना एकेक छोटा डीसी यूपीएस लावा. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय त्याचा फोटो मला पाठवा. बरेच १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ चेही असतात, आणि चुकीचा लावला तर डबा जातो.

ए-१२०२: पाठवतो. सेक्रेटरींच्या घरीही लावायचाय म्हणत होते, एकत्रच मागवू.