केर कृष्णविवराजवळ प्रोटॉनांची टक्कर: ऊर्जा अनंत की फक्त १८ जीईव्ही?

प्रश्न
नमस्कार. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोमवारी सेमिनार. विषय बान्याडोस, सिल्क आणि वेस्ट यांचा २००९ चा निबंध: कमाल वेगाने फिरणाऱ्या (केर) कृष्णविवराच्या क्षितिजापाशी, म्हणजे जिथून आत गेलेलं काहीच परत येत नाही त्या सीमेपाशी, दोन कण आदळले, तर ऊर्जेला वरची मर्यादाच नाही. वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

काल रात्री आकडा काढायला बसले. फार दुरून, स्थिर अवस्थेतून सोडलेले दोन सारखे कण. कमाल फिरकी १ धरली, तर आपल्या विवराची फिरकी त्याहून जितकी कमी ती ‘तूट’. टकरीची सेंटर ऑफ मास ऊर्जा (टकरीला प्रत्यक्ष मिळणारी ऊर्जा) साधारण ४.०६ गुणिले कणाची स्थिर ऊर्जा, भागिले तुटीचं चौथं मूळ. थॉर्नची मर्यादा, म्हणजे खऱ्या विवराची कमाल फिरकी, ०.९९८, म्हणून तूट ०.००२. कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबलं: ०.२११. भागाकार १९.२. प्रोटॉनसाठी फक्त १८ जीईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक)! तीनदा करून पाहिलं. एलएचसीत, सर्नच्या कण-प्रवेगकात, तर १३,६०० जीईव्हीची टक्कर होते. कुठे चुकतंय?

उत्तर १
काहीही चुकलेलं नाही. जेकबसन आणि सोटिरिऊ यांनी २०१० मध्ये हेच दाखवलं. सगळी गोम त्या चौथ्या मुळात आहे. आता उलटं करून बघ: एलएचसीची बरोबरी करायला फिरकी दशांशचिन्हापुढे चौदा नऊ इतकी लागते. ०.९९८ का, तेही सेमिनारमध्ये नक्की सांग. विवराभोवती फिरणाऱ्या तबकडीतला वायू पडतो तसं विवर जोरात फिरू लागतं. पण तबकडीच्याच प्रकाशातले उलट्या दिशेचे फोटॉन ते जास्त गिळतं आणि ब्रेक लागतो (थॉर्न, १९७४).

उत्तर २
आकड्याआधी चित्र सांगा. एका कणाचा कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) नेमका क्रांतिक, म्हणजे आत पडणं आणि परतणं यांच्या सीमेवरचा: तो क्षितिजाकडे सरकत राहतो, पण पोचत नाही. दुसरा सरळ आत पडतो. पहिल्याच्या तुलनेत दुसऱ्याचा वेग प्रकाशाच्या वेगाला टेकत जातो, म्हणून ऊर्जा फुगते. पण पहिल्याला तिथवर जायला स्वतःच्या घड्याळानेही अनंत काळ लागतो. शिवाय टकरीतून सुटून आलेल्या कणाची ऊर्जा ताम्रसृतीत, म्हणजे गुरुत्वाकर्षणातून वर चढताना, विरते. बेइगर, पिरान वगैरेंनी २०१२ मध्ये काढलेली कमाल कार्यक्षमता (आत गेलेल्या ऊर्जेच्या तुलनेत बाहेर आलेली) सुमारे १३० टक्के. श्निटमनने २०१४ मध्ये बाहेर निघालेला कण आत येणाऱ्यावर आदळवला, तेव्हा ती जवळपास १,४०० टक्क्यांवर गेली. मला हा निकाल मूळ निबंधाइतकाच मोलाचा वाटतो.

उत्तर ३
दोन भर. १९ हा आकडा थेट दुरून आलेल्या कणांचा. क्षितिजाजवळ आधी एक टक्कर होऊन कोनीय संवेग बदलला, तर कमी फिरकीतही ऊर्जा वाढते, असं ग्रिब आणि पावलोव यांनी मांडलं. आणि मंदार पाटील व पंकज जोशी यांनी आपल्या मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) असताना केलेलं काम वाचाच: फिरकी १ च्या किंचित वर गेली तर क्षितिजच उरत नाही, आत जाणारा आणि परत फिरलेला कण समोरासमोर आदळतात. तिथे कोनीय संवेग नेमका असावा लागत नाही. अशी उघडी एकलता, म्हणजे क्षितिजाने न झाकलेला अनंत घनतेचा गाभा, निसर्गात असते का, हा प्रश्न मात्र खुलाच आहे.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. १८ चा आकडा खोडला होता, तो परत लिहिला. पहिल्या स्लाइडवर ‘अनंत’, दुसरीवर चौथं मूळ. श्निटमनचा निबंध आज रात्री उघडते.