मदत हवी आहे: हीटर लावला की गाडीत धुराचा वास, आणि हवाही गरम येत नाही

थंडगार_निफाड (सोमवार, रात्री ९:१०)
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. तीन आठवडे झाले, गाडीत धुराचा वास येतोय. हीटर लावला की जास्तच. बरं, हीटरही धड नाही. गाडी पळत असली की कोमट हवा, सिग्नलला उभी राहिली की थंड. दोन मिस्त्री झाले. एक म्हणतो हीटरची कॉइल गेली, डॅशबोर्ड उघडावा लागेल, सात हजार. दुसऱ्याने बॉनेट उघडून वास घेतला आणि काही नाही म्हणून परत पाठवलं. आठवड्यातून तीन दिवस पहाटे पाचला आईला घेऊन नाशिकला जायचं असतं. या थंडीत काचा खाली ठेवता येत नाहीत. डॅशबोर्ड उघडू की नको, एवढंच सांगा. बुधवारी पहाटे परत निघायचंय.

काटकसरी (९:२२)
उघडू नका. आपल्याकडे हीटर लागतो कशाला? दोन महिने स्वेटर घाला, विषय संपला.

जुनं_गॅरेज (९:३१)
गाडी कोणती, किती साली, पेट्रोल की डिझेल? तापमानाचा काटा कुठे असतो? कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतंय का? वास धुराचा, कच्च्या पेट्रोलचा की गोडसर? गोडसर असेल आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं धरत असेल, तरच कॉइलकडे बघा. हे सांगितल्याशिवाय काय सांगणार?

सह्याद्री_चालक (९:४०)
थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. डोळे झाकून सांगतो. आपले मिस्त्री गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकतात. मग इंजिन कधी पुरतं तापतच नाही, हीटर कसा तापणार? माझ्या गाडीत नवा टाकला आणि त्याच दिवशी हीटर सुरू.

थंडगार_निफाड (९:५२)
२००५ ची, पेट्रोल, ११०० सीसी, पाचदारी. काटा दहा मिनिटांत मध्यावर येतो. कूलंट बघितलं नाही. वास सायलेन्सरचाच आहे, गोड नाही.
@काटकसरी, निफाडला पारा पाच अंशांच्या खाली जातो. आई आजारी आहे, स्वेटरने भागत नाही.

जुनं_गॅरेज (१०:०१)
काटा वेळेत मध्यावर येतोय म्हणजे थर्मोस्टॅट जागेवर आहे. रेस केली की कोमट आणि आयडलिंगला थंड, हे कूलंट कमी असल्याचं नाहीतर हवा अडकल्याचं लक्षण. हीटरची कॉइल डॅशबोर्डमागे, कूलंटच्या वाटेत उंचावर असते. पाणी कमी पडलं की पहिली तीच कोरडी होते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघा. गरम असताना हात लावू नका.

सह्याद्री_चालक (१०:०६)
काटा मध्यावर येतो म्हणून थर्मोस्टॅट ठीक, असं नसतं. जुन्या गाडीचा सेन्सरही खोटं बोलतो.

जुनं_गॅरेज (१०:०९)
मग वरच्या होज पाइपला हात लावून बघू द्या त्यांना. गार इंजिन सुरू केल्यावर पाइप हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे. बराच वेळ गार राहून मग एकदम तापला तर ठीक आहे. फुकटचं काम आहे. त्यासाठी नवा पार्ट कशाला?

ई२०_विरोधक (१०:१५)
पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. २००५ च्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. वास त्याचाच.

रात्रपाळी (१०:३८)
मी नर्स आहे. गाडीचं तुम्ही बघाच, पण आधी हे सांगा: प्रवासात कोणाचं डोकं दुखतं का, मळमळतं का? आणि आईंना काय आजार आहे?

थंडगार_निफाड (१०:४७)
डायलिसिस आहे. हो, जाताना तिचं डोकं जड होतं, एकदा उलटीही झाली. आम्हाला वाटलं डायलिसिसमुळे. मला फार काही होत नाही.

काटकसरी (१०:५१)
बोटाला ऑक्सिमीटर लावून बघा. ९५ च्या वर असेल तर चिंता नाही.

रात्रपाळी (१०:५८)
कृपा करून यावर विसंबू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बोटावरच्या साध्या ऑक्सिमीटरला हा फरकच कळत नाही, तो ९८ दाखवत राहील. या वायूला स्वतःला वासही नसतो, म्हणून वास कमी म्हणजे धोका कमी असंही नाही. डायलिसिसच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन बहुतेक वेळा आधीच कमी असतं. तुम्हाला झेपतं ते आईंना झेपणार नाही. बुधवारी दुसऱ्या गाडीने जा. तिथल्या डॉक्टरांना डोकेदुखीचं सांगा, रक्त तपासायचं का ते ठरवतील. आणि आई गाडीत कुठे बसतात?

थंडगार_निफाड (११:०४)
मागे, पाय लांब करून. वास मागे जास्त येतो म्हणून मागची काच बोटभर खाली ठेवतो, वरून शाल. हीटरची हवा आतल्या आत फिरणारी ठेवतो, बाहेरची गार आत नको म्हणून.

जुनं_गॅरेज (११:१५)
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! पळत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो. मागची काच थोडी उघडली की आतली हवा बाहेर ओढली जाते. तिची जागा भरायला डिकीच्या बीडिंगमधून, फरशीच्या भोकांमधून धूर आत येतो. काच उघडून तुम्ही धूर ओढून घेताय.
उद्या कोणालाही बरोबर न घेता पाच मिनिटं करून बघा. सगळ्या काचा बंद, हवा बाहेरून आत घेणारी, ब्लोअर पूर्ण. वास वाढला तर गळती बॉनेटखाली, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचं पॅकिंग. कमी झाला तर मागून येतोय. आणि डिकीचं काही काम केलंय का एवढ्यात?

थंडगार_निफाड (११:२१)
डिकीचं नाही. फक्त सीएनजीची टाकी टेस्टिंगला काढली होती, दिवाळीनंतर.

जुनं_गॅरेज (११:२३)
सीएनजी आहे?!

थंडगार_निफाड (११:२६)
हो, २०१६ पासून. इथे सगळ्यांच्याच गाड्यांना आहे, वेगळं काय सांगायचं. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते, तीच. त्याच वेळी किटचा रिड्यूसरही उघडून साफ केला.

जुनं_गॅरेज (११:४०)
आता दोन्ही दुखणी एका कामाची वाटतात. गॅसचा दाब उतरताना रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यात इंजिनचं गरम पाणी फिरवतात. ते बहुतेक वेळा हीटरच्याच होजला टी (तीन तोंडांचा जोड) मारून घेतात. रिड्यूसर काढला म्हणजे कूलंट सांडलं. परत भरताना हवा काढली नसेल तर हीटर गार पडणारच. आणि टाकी काढली म्हणजे फरशीतून जाणाऱ्या पाइपांभोवतीची भोकं बंद करणारे रबरी ग्रोमेट निघाले. ते परत बसवलेत का?

सह्याद्री_चालक (११:४४)
टी जोडणी चुकीची असेल तर हवा काढूनही उपयोग नाही. अर्धं पाणी हीटरला वळसा घालून जातं.

मिशिगनकर (११:५२)
इकडे सकाळी बंद गॅरेजमध्ये गाडी गरम करत ठेवतात आणि दरवर्षी दुर्घटना होतात. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या, पण दुरुस्ती त्याआधी. तिकडच्या द्राक्षांना थंडीचा त्रास होतोय का? माझे काका पिंपळगावला असतात.

थंडगार_निफाड (मंगळवार, संध्याकाळी ७:३०)
सगळं सांगतो. इंजिन गार असताना रेडिएटर उघडला, पाणी वरून दोन बोटं खाली. काचा बंद करून ब्लोअर पूर्ण लावला तर वास जवळजवळ गेला. मग डिकीतला गालिचा उचलला. टाकीच्या स्टँडखाली रुपयाएवढं भोक, ग्रोमेट गायब. आतून बॅटरी मारली तर खालचा रस्ता दिसला.
मग शेजारच्या वेल्डरकडे रॅम्पवर गाडी चढवली. गार इंजिन सुरू केलं, त्याने जाड मोजे घालून सायलेन्सरचं तोंड फडक्याने क्षणभर दाबलं. मागच्या ॲक्सलच्या वर पाइपातून फुसफुस आवाज आला. सुपारीएवढी गंजलेली जागा, भोवती काजळी. भोकापासून वीतभरावर.
पाइपाचा तुकडा बदलला. फरशीला नवा ग्रोमेट आणि वरून सीलंट.

रात्रपाळी (७:४१)
उद्या आई कशाने जाणार?

थंडगार_निफाड (७:४४)
चुलतभावाच्या गाडीने. त्याच्याशी बोललो. आपली गाडी मी एकटा चालवून बघेन, मगच तिला बसवणार.

सह्याद्री_चालक (७:५०)
हीटरचं काय झालं?

थंडगार_निफाड (७:५८)
कूलंट भरलं, गाडीचं तोंड चढावर करून झाकण उघडं ठेवलं, हीटर पूर्ण गरमवर. बराच वेळ बुडबुडे आले. आता आयडलिंगलाही कोमट येतं, पण पाहिजे तेवढं गरम नाही. टी जोडणीचा फोटो सकाळी टाकतो. हीटरला जाणारा पाइप कोणता आणि परत येणारा कोणता, ते कसं ओळखायचं?

जुनं_गॅरेज (८:०५)
इंजिन तापल्यावर दोन्हींना फडक्यावरून हात लावा. जास्त गरम तो जाणारा. दोन्ही सारखेच गरम आणि तरी हवा कोमट, तर फोटोची वाट न बघता हीटरच्या कॉकची (गरम पाणी सोडणाऱ्या झडपेची) केबल बघा, ती अर्धीच ओढली जात असेल. आणि पाणी परत दोन बोटं खाली गेलं तर लगेच लिहा. मग पाणी इंजिनच्या आत गळतंय का, म्हणजे हेडच्या पॅकिंगबद्दल बोलावं लागेल.

ई२०_विरोधक (८:१२)
पेट्रोलचे पाइपही बघून घ्याच.