अनुभव धागा: जनावर दगावलं तर सरकारी मदत पदरात कशी पडते?

रानपाखरू: कालच्या विजांनी जुना पूर आठवला, म्हणून धागा काढलाय. रडगाणी नकोत, काम कशाने होतं ते लिहा. जनावर दगावलं की पुरायची घाई नको. आधी कानातल्या बिल्ल्यासकट फोटो, 12 आकडे वाचता आले पाहिजेत. मग तलाठी आणि जनावरांच्या दवाखान्यात फोन. पंचनामा, शवविच्छेदन, मगच खड्डा.

बांधावरचा तात्या: बिल्ला नसेल तर पुढचं विसरा. 1 जून 2024 पासून आपत्ती, विजेचा धक्का, वन्यप्राणी, कशातच त्याशिवाय भरपाई नाही. गळून पडला तर नवा मारून जुन्याच नोंदीवर चढवून घ्या. नाहीतर कागदावर एक गाय, गोठ्यात दुसरी.

शेरडू: शेळ्यांना पण??

बांधावरचा तात्या: हो ताई, त्यांनाही असतो.

शेरडू: एकमेकींचे चघळतात हो त्या 😀

खुरपं: 2022 ते 26 च्या निकषांतले दर: दुधाळ गाय-म्हैस 37,500, बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000. कोंबडी 100, घरामागे कमाल 10,000. पंचनाम्यात नुसतं ‘जनावर’ लिहू देऊ नका. दुभती गाय वासराच्या रकान्यात गेली की 17,500 गेले. सही करण्याआधी वाचा, एवढं तरी करा राव.

रानपाखरू: मोठी दुधाळ 3 पर्यंतच ना?

खुरपं: 3, किंवा लहान 30. 2025 च्या अतिवृष्टीच्या पॅकेजमध्ये 3 ची अट काढली होती. ती कायमची धरू नका.

माळावरून: बिबट्याने मारलं तर तलाठ्याकडे जाऊन उपयोग नाही, ते वनखात्याचं काम. 48 तासांच्या आत कळवा, वनरक्षक येईपर्यंत जनावर जागचं हलवू नका. ओढून बांधावर टाकलं की प्रकरण लटकलं.

पोल्ट्रीवाली: बर्ड फ्लूच्या कोंबड्या यात बसत नाहीत, त्याची योजना वेगळी. घाईत लिहितेय, दूध उतू चाललंय

सेवाकेंद्र: यादीत नाव आहे, पैसे नाहीत? बहुतेक वेळा ई-केवायसी राहिलेली असते. यादीतला विशिष्ट क्रमांक आणि आधार घेऊन केंद्रात या, अंगठा द्या, पावती जपा. आणि पैसे पासबुक दिलेल्या खात्यात येतीलच असं नाही, आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. लोक जिल्हा बँकेत हेलपाटे घालतात, रक्कम पडलेली असते मोबाईलवर उघडून विसरलेल्या खात्यात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघा, बँकेचं नाव दिसतं.

शेरडू: बँक कर्जात वळती करते त्याचं काय?

सेवाकेंद्र: मदतीच्या शासन निर्णयात वसुली करू नये असं लिहिलेलं असतं. त्याची प्रत जोडून व्यवस्थापकाला लेखी अर्ज, पोच घ्या. तोंडी भांडून काही होत नाही.

माळावरून: विषय निघालाच आहे तर दामिनी ॲप टाका, विजेचा इशारा मिळतो. गडगडायला लागलं की झाडाखालची जनावरं सोडा, तारेच्या कुंपणापासून लांब.

शेरडू: टाकते, पण शिवारात रेंज कुठाय?

बांधावरचा तात्या: टाकीवर चढ 😀

माळावरून: विजा चालू असताना टाकीवर? तात्या, पंचनामा तुमचाच व्हायचा